पदवी दाराशी आली, विद्येचे काय?



आपला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाते, याचा आपणांस अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु तेथे वर्ग भरतो की नाही, हे आपण कधी विचारले आहे काय? या पाठात तोच विचार करावयाचा आहे.

खानदेशात महाविद्यालये पूर्वीपासून आहेत. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ साली सुरू झाले. विद्यापीठ मात्र दूर होते. आधी मुंबईस, पुढे पुण्यास. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांना आपले विद्यापीठ मिळाले. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. १९९० सालीच कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. विद्यापीठ जवळ आले आणि वाटही मोकळी झाली.

पण जवळ येणे ही अर्धीच गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४ साली समिती नेमली गेली. तिच्यापुढे बाबासाहेबांनी मत मांडले की, अध्यापन आणि संशोधन यांची ताटातूट करू नये. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी बजावले की, परीक्षा कठीण केल्याने शिक्षणाचा दर्जा वाढत नाही. परीक्षा वेगळी आणि शिक्षण वेगळे.

आज अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाची आणि शिकवणे महाविद्यालयाचे, अशी वाटणी आहे. जेथे पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा रिक्त राहतात, तेथे तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर काम भागवले जाते. मग मुले वर्ग सोडून गाईड पाठ करतात आणि पासही होतात. सधन घरचा मुलगा खासगी शिकवणी लावून ही उणीव भरून काढतो. आपल्या मुलाला वर्ग आणि ग्रंथालय एवढीच साधने. म्हणून वर्ग ओस पडला, तर सर्वांत मोठे नुकसान आपले होते.

यासाठी पालकांनी महाविद्यालयात जाऊन नम्रपणे, पण ठामपणे विचारावे :

१. या विषयास पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत?

२. वर्षात सुमारे १८० दिवस अध्यापन व्हावे, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात किती झाले?

३. ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते काय? प्रयोग विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतो, की नुसता पाहतो?

४. 'नॅक'ने महाविद्यालयाची तपासणी केली आहे काय? केवळ श्रेणीवर समाधान मानू नका. अहवालात कोणत्या उणिवा दाखवल्या आहेत, ते मुलांकडून वाचून घ्या.

महाविद्यालयास प्रश्न विचारताना आपल्या घराकडेही पाहा. कापूस वेचणीसाठी किंवा लग्नसराईसाठी मुलांचे तास बुडवू नका. मुलीचे तर मुळीच नको. जो स्वतः वर्गात बसतो, त्यालाच "तास का झाला नाही?" असे विचारण्याचा अधिकार पोहोचतो.

पुढील रविवारी विहारात या चार प्रश्नांवर चर्चा करा. एकट्या पालकाला उत्तर मिळाले नाही, तर दहा पालकांनी मिळून जावे. पदवीचा कागद भिंतीवर शोभतो. विद्या माणसाला उभे करते. आपणांस दोन्ही हवे आहे.

जय भीम!