विहिरींची पाणीपातळी आणि भूजलाचे व्यवस्थापन

मैसूर शहराच्या वायव्येस मेटगळ्ळी हा औद्योगिक वसाहतीचा भाग आहे. मैसूरला कावेरी व कबिनी या नद्यांचे पाणी मिळत असले, तरी पायाखालचा खडक कठीण पट्टिताश्माचा आहे. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसॉल्टने, म्हणजे काळ्या कातळाने व्यापलेला आहे. खडकांची जात वेगळी, पण अडचण एकच. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये साठते. अखंड कातळ कोरडाच असतो. त्यामुळे एका विहिरीस भरपूर पाणी असते आणि शंभर पावलांवरील दुसरी कोरडी पडते. भूगर्भातील हा साठा डोळ्यांना दिसत नाही. त्याची खबर देणारे साधन म्हणजे विहिरीतील पाणीपातळी होय.

केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. त्यांपैकी पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची नोंद सर्वांत महत्त्वाची. पहिली पातळी उपशाअखेरची स्थिती दाखवते, दुसरी पावसाने दिलेली भर. महाराष्ट्रात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही करते. मोजमाप साधे आहे. मात्र शिस्त कडक हवी. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली नोंदवावी लागते. पंप नुकताच बंद झाला असेल तर मिळणारा आकडा भूजलाचा नसून उपशाने पडलेल्या खड्ड्याचा असतो. म्हणूनच उपसा नसलेली विहीर किंवा खास निरीक्षणासाठी घेतलेले विंधन छिद्र अधिक विश्वासार्ह ठरते. अशा छिद्रांत स्वयंचलित नोंदयंत्र बसवल्यास दिवसातून अनेकदा पातळी मिळते. एकच जागा, तेच महिने आणि खंड न पडलेली अनेक वर्षे, एवढे असले तरच आकड्यांना अर्थ येतो. एका वर्षाची घट दुष्काळाची असू शकते; दहा वर्षांची सलग घट मात्र उपशाची खूण असते.

पातळीवरून साठा कसा काढतात, हे परीक्षार्थींनी उदाहरणाने समजून घ्यावे. क्षेत्र, पातळीतील चढ आणि खडकातून निचरून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण या तिघांचा गुणाकार करतात. एका पाणलोटाचे क्षेत्र 1,000 हेक्टर असून पावसाळ्यात पातळी 4 मीटर वर आली, असे समजू. बेसॉल्टसाठी हे प्रमाण साधारण 2 टक्के धरतात. म्हणजे साठ्यात पडलेली भर 8 लाख घनमीटर झाली. तेवढ्याच क्षेत्रात गाळाची जमीन असती आणि प्रमाण 10 टक्के धरले असते, तर हीच भर 40 लाख घनमीटर आली असती. पातळी तितकीच चढूनही पाणी पाचपट! कठीण खडकाच्या प्रदेशात चांगल्या पावसानंतर विहिरी काठोकाठ भरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तळ गाठतात, त्याचे कारण हेच. भरलेली विहीर पाहून उसाची लागण करणारा शेतकरी इथेच फसतो.

भूजल मूल्यांकनात वार्षिक उपसा हा उपलब्ध साठ्याच्या 70 टक्क्यांपर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित मानतात. 70 ते 90 टक्के अंशतः शोषित, 90 ते 100 टक्के शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, अशी वर्गवारी आहे.

आकडे जमा होतात, पण त्यांचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अल्प पावसाच्या गावाने त्याचे उत्तर शोधले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे केली. एवढे अनेक गावांनी केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण दरवर्षीच्या पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पिकांचा निर्णय होतो. पिण्याचे पाणी व जनावरे यांचा वाटा प्रथम, शेती नंतर. सिंचनासाठी विंधन विहिरी व उसासारखी पिके गावाने वर्ज्य केली. नियम बाहेरून लादलेला नव्हता, आकडे सर्वांसमोर होते, म्हणून तो पाळला गेला.

कायद्याची वाट अधिक बिकट आहे. पाणी हा राज्यसूचीतील विषय. त्यातच भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 पासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, ही समजूत रुजली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर 1997 मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 अन्वये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्राचा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 हा 2014 मध्ये अमलात आला. शेती व उद्योगासाठी 60 मीटरहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. परंतु रात्रीतून विंधन यंत्र येऊन जाते, आणि खोली तपासणारे कोणी नसते. 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने म्हणूनच महाराष्ट्र व कर्नाटकासह सात राज्यांत पातळीच्या नोंदी आणि जलसुरक्षा आराखडे ग्रामपंचायतींच्या हाती देण्याचा मार्ग धरला.