पातळ पार्टिशनमधून वायर नेताना



घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. त्यातच चूल, झोपणं, मुलांचा अभ्यास. म्हणून बऱ्याच जणी गटाचं कर्ज घेऊन मधे पार्टिशन घालतात. लाकडाची नाहीतर लोखंडी अँगलची चौकट आणि दोन्ही बाजूंनी प्लाय, सिमेंट शीट किंवा पत्रा. आतली पोकळी जेमतेम दोन इंच. वायर तिथूनच जाते.

मागच्या पावसाळ्यात बैठकीत एक ताई म्हणाल्या, “पत्र्याले हात लावला अन् झिणझिण आलं जी!” देवाचा फोटो लावायला ठोकलेला खिळा आतल्या वायरमध्ये घुसला होता. वायरला पाइप नव्हता, पत्र्याला अर्थिंग नव्हतं. पायात कोरडी चप्पल होती म्हणून निभावलं. ओल्या पायाने हात लावला असता तर?

म्हणून काम सुरू होण्याआधीच या गोष्टी ठरवा.

१. जमलं तर वायर बाहेरूनच. पातळ भिंतीला वरून प्लास्टिकची केसिंग पट्टी बरी. दिसायला थोडं वेगळं वाटेल, पण वायर कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दिसतं.

२. आतून न्यायची तर पाइपातूनच. आणि वरून सरळ खाली, बोर्डापर्यंत. आडवी-तिरपी नको. आडवी न्यायची म्हटलं की प्रत्येक उभ्या लाकडाला भोक पडतं आणि चौकट कमजोर होते. बोर्डाच्या वर-खाली खिळा ठोकायचा नाही, हे मुलांनाही सांगा.

३. पत्र्याच्या भोकाची धार वायर कापते. तिथे रबरी बुश किंवा पाइपाचा तुकडा हवाच.

४. जोड आत लपवू नका. वायरचा जोड फक्त बोर्डात किंवा उघडता येणाऱ्या डबीत.

५. बोर्डाची डबी आधी मोजा. दोन इंच खोल डबी पातळ भिंतीत बसत नाही. कमी खोलीची घ्या, नाहीतर बोर्ड भिंतीवरच लावा. दोन्ही बाजूंचे बोर्ड पाठीला पाठ लावून नकोत.

६. वायर आयएसआय मार्कची, तांब्याची. दिवे-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटर, मिक्सर-इस्त्रीच्या प्लगला २.५.

७. लोखंडी चौकट आणि पत्रा अर्थिंगला जोडा. मेनजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट जमिनीकडे गळू लागला की ती क्षणात वीज तोडते. तिच्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली नाही, तर वायरमन बोलवा.

शीट बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो कामी येईल. काम परवानाधारक माणसाकडूनच करा, आणि पैसे देण्याआधी अर्थिंग तपासून दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका. पैसा आपल्या कष्टाचा आहे.

आणि कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा आणि १०८ ला फोन लावा.

पुढच्या बैठकीत बोलूया: आपल्यापैकी किती घरांत अर्थिंग आहे? किती जणींच्या घरी पत्र्यावरून उघडी वायर गेली आहे? घरदुरुस्तीचं कर्ज मागताना वायरिंगचा खर्च धरला होता का? उत्तरं इतिवृत्तात लिहा. ज्या घरात धोका जास्त, त्या घराचं कर्ज गटाने आधी विचारात घ्यावं.