चोविसांतला एक गुरू : बालक

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, 'एवढा आनंद कोठून?' अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराजच. ते २४ गुरू सांगतात. त्यांत पृथ्वी आहे, मधमाशी आहे, तसे लहान बालकही आहे. बालकाकडून काय घेतले? तर मान-अपमानाची चिंता नसणे.

आपलं गाडं इथंच अडतं. मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे, हे नातवाला विचारताना मोठेपणा आड येतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना (१८८०-१९५१) अक्षरओळख नव्हती. पण शेत, जातं, सुगरणीचा खोपा यांच्याकडून त्या शिकत राहिल्या.

यंदा दत्तजयंतीला पादुकांवर माथा ठेवताना एवढंच मागा : विचारण्याची लाज जावो. मग घरी नातवाला म्हणा, "बाळा, जरा दाखव बरं."