केनियाची शेगडी आणि अनुदानाचे गणित

'अनुदान' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? अर्ज, शिक्के, साहेबांची सही आणि शेवटी फुकटचे पैसे! आणि 'नेटवर्किंग' म्हणजे एकतर लॅबमधल्या केबल्स, नाहीतर सरळ वशिला. आफ्रिकेत पर्यावरणाला जपणारे छोटे उद्योग कसे उभे राहिले हे वाचत गेले, तेव्हा या दोन्ही शब्दांचे खरे अर्थ मला कळले. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे भाषेची थोडी खिचडी होईल, गोड मानून घ्या.)

शेगडीची गोष्ट

केनियात शेगडीला 'जिको' म्हणतात. तिथल्या शहरांत अनेक घरांचा स्वयंपाक लाकडी कोळशावर व्हायचा आणि जुनी जिको नुसत्या पत्र्याची. हीट ट्रान्सफरचा पेपर दिलेला कोणीही सांगेल, की उष्णता बाजूच्या पत्र्यातूनच पळून जाणार. म्हणजे जास्त कोळसा, जास्त खर्च आणि जास्त झाडतोड.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून कल्पना घेऊन नवी जिको तयार झाली. बाहेरून डमरूसारखा मध्ये आवळलेला पत्रा आणि आत भाजलेल्या मातीचे अस्तर. नीट वापरली तर कोळशाची ३० ते ५० टक्के बचत!

आता गंमत बघा. परदेशी मदतीचा पैसा शेगड्या स्वस्तात वाटण्यात गेला नाही. तो गेला डिझाइनवर, चाचण्यांवर, कारागिरांच्या प्रशिक्षणावर आणि प्रचारावर. हे कारागीर म्हणजे 'जुआ काली'. स्वाहिलीत याचा अर्थ कडक ऊन. उघड्यावर बसून पत्रा ठोकणाऱ्यांचे हे नाव. प्रशिक्षण आणि प्रचाराचे बरेच काम 'केंगो' या स्वयंसेवी संस्थांच्या संघटनेने केले. सुरुवातीला अस्तराला तडे जायचे. शेगडी वापरणाऱ्या बायकांच्या तक्रारी कारागिरांपर्यंत पोहोचल्या आणि डिझाइन सुधारत गेले. शेगडी आधी महाग होती, पण बनवणारे वाढले तशी स्पर्धेने किंमत उतरली. मदत संपली तरी धंदा चालूच राहिला, कारण तो बाजाराच्या पायावर उभा होता.

निम्मे तुमचे, निम्मे आमचे

अनुदानाचा दुसरा प्रकार म्हणजे मॅचिंग ग्रँट. देणारा म्हणतो, जोखमीतला अर्धा वाटा माझा, पण अर्धे पैसे तू घाल. ब्रिटिश सरकारच्या अशाच एका निधीतून व्होडाफोनला सुमारे १० लाख पौंड मिळाले आणि साधारण तेवढेच कंपनीनेही घातले. उद्देश होता छोट्या कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरण्याचा. २००५ मध्ये प्रयोग सुरू झाला, तर लोक त्यावरून एकमेकांनाच पैसे पाठवू लागले! त्यातूनच २००७ मध्ये केनियात 'एम-पेसा' सुरू झाले.

यात 'ग्रीन' काय, असे तुम्ही विचाराल. २०१२ मध्ये 'एम-कोपा' बाजारात उतरली. कोपा म्हणजे उसने घेणे. थोडी रक्कम आधी भरायची आणि सोलर पॅनेल, बॅटरी, दिवे घरी न्यायचे. मग रोज थोडे थोडे शिलिंग एम-पेसावरून. युनिटमध्ये सिमकार्ड, हप्ता थकला की दिवे बंद! साधारण वर्षभरात संच तुमचा. रॉकेलवर जाणारा पैसाच सोलरकडे वळला. हप्ते मोबाइलवरून भरता आले नसते, तर रोजची एवढीशी रक्कम गोळा करायला घरोघरी माणूस पाठवणे कुठल्या कंपनीला परवडले असते?

ओळखी कशासाठी?

पण एकटा उद्योजक सगळीकडे पुरा पडत नाही. बाजारात चार सोलर कंदील खराब निघाले की लोकांचा पाचव्या, चांगल्या कंदिलावरचाही विश्वास उडतो. म्हणून जागतिक बँक आणि तिच्याच गटातली आयएफसी यांनी २००७ मध्ये 'लायटिंग आफ्रिका' सुरू केले. कंदिलांच्या दर्जाचे निकष ठरवणे, चाचण्या करणे आणि उत्पादक, विक्रेते, पतपुरवठा करणारे यांना जोडणे हे त्याचे काम. २०१२ मध्ये नैरोबीच्या स्ट्रॅथमोर विद्यापीठात केनिया क्लायमेट इनोव्हेशन सेंटर निघाले. पैशाबरोबर सल्ला, प्रशिक्षण आणि गुंतवणूकदारांची ओळख तिथे मिळू लागली. लक्षात घ्या, हे केंद्र एका कॉलेजात सुरू झाले!

आपण काय घ्यायचे?

अनुदानाचा धोकाही आहे. वस्तू फुकट वाटली की ती विकणारा स्थानिक दुकानदार बुडतो आणि बिघडली तर दुरुस्त करणारा कोणी उरत नाही. म्हणून पैसा वस्तूवर नको, शिकण्यावर आणि पहिल्या जोखमीवर हवा.

आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट व्हायव्हा झाला की कपाटावर धूळ खात पडतात. दरवेळी पैसाच कमी पडतो असे नाही. कित्येकदा पत्रा ठोकणारा कारागीर आणि ती वस्तू वापरणारी बाई यांच्याशी आपली ओळखच नसते. पुढचा प्रोजेक्ट निवडताना या दोघांना आधी भेटा, मग सिनॉप्सिस लिहा. बघा, विषयच बदलेल!