घरचा वाफा

तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षे इतरांच्या जमिनींचे उतारे लिहून दिल्यानंतर, निवृत्तीच्या पहिल्याच हिवाळ्यात, जुन्नर तालुक्यातील वडिलार्जित वीस गुंठ्यांत मी मेथी टाकली, तेव्हा शेतीतले आपल्याला पुष्कळ कळते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. युरियाचा हात मी सढळ ठेवला. त्याने पीक तरारले खरे, परंतु त्याच लुसलुशीत कोवळेपणावर मावा भाळतो हे ध्यानी येण्यापूर्वीच तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आले, आणि दोन-तीन दिवसांत शेंडे काळ्या माव्याने दाटून पाने चिकट झाली.

दुकानदाराने एक बाटली हाती ठेवली. विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा आणि हिरवा अशी जी उतरती खूण प्रत्येक बाटलीवर छापण्याचा कायदा आहे, तीपैकी लाल खूण तिच्यावर स्पष्ट होती. आतील मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच मनाई झालेली होती. सारी हयात दस्तऐवजांतील काना-मात्रा तपासण्यात घालवलेल्या मी बाटलीसोबतचा माहितीचा कागद उलगडूनही पाहिला नाही. बाविसाव्या दिवशी फवारणी केली आणि भाव चढल्याचे ऐकून सव्विसाव्या दिवशी मेथी उपटून जुड्या बाजारात धाडल्या. शेकड्याचा दर माझ्या वहीत टिपलेला आहे. त्या जुड्या कोणाच्या ताटात गेल्या, याची रुजवात कोणत्याच वहीत नाही.

त्याच संध्याकाळी एक जुडी घरात नेली, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "अरे, ही बाजाराची. घरची विहिरीपाशी हाये, ती खुड."

आक्काने विहिरीच्या कडेला टाकलेल्या त्या वाफ्याला औषधाचा थेंबही लागला नव्हता. तेथेही मावा आला होता, पण आता कोठे कोठे रिकाम्या कातीच तेवढ्या राहिल्या होत्या. उलट फवारलेल्या रानात, उपटायच्या आधीच, तो पुन्हा दिसू लागला होता. कारण कळले ते मागाहून. माव्याची मादी मीलनावाचून थेट पिले घालते आणि ती पिले आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः विऊ लागतात, सबब वाचलेले थोडेही पुरतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पैदास मात्र सावकाश होते, आणि माझ्या विषाने तोच आधी मेला. त्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसते. तिला कीड समजून चिरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत अर्थात मीही होतो.

फळभाजीत पानावरचे विष पानावरच राहून फळ वाचण्याचा थोडा तरी संभव असतो. पालेभाजीत पान हेच पीक, आणि त्याचे आयुष्य उणेपुरे महिन्याचे. म्हणून औषध हाती घेण्यापूर्वी काढणीचे दिवस मोजावेत, फवारणीपासून काढणीपर्यंत जी मुदत कागदावर लिहिलेली असते ती त्यांत बसते का ते पाहावे, आणि बसत नसेल तर बाटली परत करावी. आता मी दर दोन दिवसांनी सकाळी वाफ्यांतून फिरून पाने उलटी करून पाहतो. नागअळीच्या पांढऱ्या रेघा उमटलेली पालकाची पाने तोडून नष्ट करतो, आणि मावा वाढतो आहे पण ढालकिडे दिसत नाहीत, अशी खात्री झाली तरच निंबोळी अर्काची तजवीज करतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून त्यांत दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा, शंभर लिटर पाणी पुरे करून ते त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या अंगाला पोहोचेल असे फवारावे, कारण उन्हाने अर्काचा गुण जातो. त्याने कीड पटापट मरून पडत नाही, तिची वाढ खुंटते; एवढा धीर पहिल्या वर्षी मजपाशी नव्हता.

यंदा घरासाठी वेगळा वाफा टाकलेला नाही. आक्का मात्र अद्याप प्रत्येक जुडी उलटून, पानांच्या खाली पाहिल्याखेरीज निवडायला घेत नाही.