काम भरात आहे तोवर स्पेशालिटी बदला

केटीच्या, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरच्या, कॉलवर ज्या अमेरिकन बाई आम्हाला मेडिकल कोडिंगचं काम समजावून देत होत्या, त्यांची नोकरी तेच काम आमच्याकडे येणार म्हणून जाणार होती. हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी त्यांनी एकही बारकावा हातचा राखला नाही. पुढे काही वर्षांनी पुण्यातल्या आमच्या रेडिओलॉजी टीमला सॉफ्टवेअरने लावलेले कोड तपासायला मिळाले. आम्ही चुका दुरुस्त करायचो, त्या दुरुस्त्यांवर ते सुधारत जायचं. मग टीम आटत गेली. क्वालिटी कुणाचीच ९५ टक्क्यांखाली नव्हती. म्हणून सांगते, क्वालिटी आणि प्रॉडक्शनच्या आकड्यांवर निर्धास्त राहू नका.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत आयसीडी-१० लागू झालं. निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेले. बीफार्म, बीएचएमएस, फिजिओथेरपी केलेल्या आमच्यासारख्या कितीतरी जणांचं घर या कामावर उभं राहिलं. पण सगळं काम एका मोलाचं नसतं. रेडिओलॉजीचा रिपोर्ट छोटा, साचा ठरलेला. छातीचा दोन व्ह्यूचा एक्स-रे म्हणजे कोड ७१०४६, दिवसभर तेच. असं काम यंत्राकडे आधी जातं.

याउलट इनपेशंटचा, म्हणजे दाखल पेशंटचा, चार्ट उघडून बघा. मधुमेह आणि किडनीचा जुनाट आजार दोन्ही नोंदलेले आहेत. डॉक्टरांनी संबंध नाकारला नसेल तर गाइडलाइन तो धरूनच चालते, म्हणून ई११.२२ आणि सोबत एन१८ मधली स्टेज. पण राउंडच्या नोंदीत स्टेज तीन आणि डिस्चार्ज समरीत चार असेल तर? डॉक्टरांना क्वेरी पाठवायची, आणि ती अशी लिहायची की आपल्याला हवं ते उत्तर त्यांच्या तोंडी घातलं जाणार नाही. हे कसब कमवा. डिनायलचंही, म्हणजे नाकारलेल्या क्लेमचंही, तसंच. त्याच दिवशी प्रोसिजरशिवाय वेगळी तपासणी झाल्याचं सांगणारा मॉडिफायर २५ का लावला, हे नोंदीतल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवून इन्शुरन्स कंपनीला पटवता आलं पाहिजे. क्लेम अडकला की कधीकधी बिल थेट पेशंटच्या घरी जातं; तो माणूस सातासमुद्रापलीकडचा असला तरी त्याची काळजी आपल्याला हवी.

नव्याने येणाऱ्यांनो, सीपीसी हे कोडरचं सर्टिफिकेशन जरूर करा, पण प्लेसमेंटची हमी देणाऱ्या क्लासच्या फीसाठी आईवडिलांना कर्ज काढायला लावू नका. परीक्षा १०० प्रश्नांची, पुस्तकं समोर ठेवून द्यायची. पास झालात तरी अनुभव नसेल तर सर्टिफिकेटवर अप्रेंटिसचा ‘ए’ राहतो. आणि हात आखडला की कंपन्या आधी फ्रेशरचीच भरती थांबवतात.

नोकरीत असाल तर क्रॉस-ट्रेनिंग आत्ताच मागा, काम कमी झाल्यावर ते कुणी देत नाही. नवी ऑफर आली तर स्पेशालिटी कोणती, क्लायंट गेला तर बेंचवर, म्हणजे काम नसताना पगारावर, किती दिवस ठेवणार, हे सहीआधी एचआरला विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.