ठोसा मारण्याआधी मनगट सांभाळा

एका वाचक भगिनीने विचारले आहे : "कॉलेजला जाणाऱ्या लेकीने स्वसंरक्षणाच्या सरावासाठी पंचिंग बॅग मागवली. रोज अर्धा तास ठोसे मारते. आठवड्यातच मनगट दुखायला लागलं. हे बंद करायला सांगू का?"

ताई, बंद करायला सांगू नका. आधी दुखणे पूर्ण थांबेपर्यंत हाताला विश्रांती द्या, तपासून घ्या आणि मग पद्धत बदलून पुन्हा सुरू करू द्या. आपल्या अंगात प्रतिकाराची ताकद आहे, हे मुलीला कळणे मला फार मोलाचे वाटते. दुखण्याच्या भीतीने तिने ते सोडू नये.

हात का दुखतो, ते आधी पाहू. तळहातात पाच लांब हाडे असतात. त्यांपैकी तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे मनगटाशी घट्ट बसवलेली असतात, तर करंगळी आणि अनामिकेची हाडे सैल हलतात. दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलवून पाहा, फरक लगेच जाणवेल. म्हणून ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर बसला पाहिजे. तो करंगळीच्या बाजूला घसरला, की तिच्या मुळाजवळचे हाड मानेपाशी मोडते. या दुखापतीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात, पण ती घेऊन येणारे बहुतेक जण बॉक्सर नसतातच. रागाच्या भरात भिंतीवर किंवा कपाटावर हात आपटलेले तरुण असतात.

मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत कोंडू नका. तो बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा ठेवा. हाताची पाठ आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग एका सरळ रेषेत हवा. बॅगला हात लागताच मनगट खाली मुडपत असेल, तर ताकद कमी करा. तुमच्या मुलीचे दुखणे बहुधा इथेच आहे.

माझा आग्रह मात्र वेगळाच आहे. ज्यांना स्पर्धा खेळायची नाही, फक्त स्वतःचा बचाव करायचा आहे, त्यांनी मुठीपेक्षा तळहाताच्या मुळाचा, मनगटाजवळच्या गुबगुबीत भागाचा, आणि कोपराचा सराव जास्त करावा. समोरच्याच्या डोक्याचे हाड आपल्या बोटांच्या हाडांपेक्षा कितीतरी टणक असते. तळहाताच्या मुळाने मारताना बोटे किंचित वाकवून मागे घ्या आणि कोपर थोडे मुडपलेले ठेवा. मनगट पूर्ण मागे वळवून जोर लावलात तर तिथेही इजा होते, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे हळूच मारा. हवेत ठोसे मारतानाही कोपर झटक्याने पूर्ण ताठ करू नका. समोर अडवणारे काही नसल्याने सगळा झटका सांध्यालाच बसतो.

आता बॅगविषयी थोडे तपशिलाने, कारण अनेक दुखापतींचे मूळ तिच्यात असते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त बॅगा बऱ्याचदा रिकाम्या येतात आणि लोक त्यात वाळू भरतात. वाळू खाली बसत जाते आणि बॅगेचा तळ दगडासारखा होतो. त्याऐवजी शिंप्याकडच्या चिंध्या किंवा जुने कपडे ठासून भरा. पंख्याच्या हुकाला बॅग टांगू नका. पंख्याचे वजन आणि झोके घेणाऱ्या बॅगेचे हिसके यांत मोठा फरक आहे. मिस्त्रीकडून स्लॅबमध्ये वेगळा हुक बसवून घ्या. जागा नसेल तर घरातल्या कुणाला तरी हातात पॅड धरायला सांगा. सुरुवातीला पॅडच बरे.

ग्लोव्ह्जच्या आत कापडी पट्टी, म्हणजे हँड रॅप, बांधल्याशिवाय बॅगवर ठोसे मारू नका. मोठ्या माणसांसाठी १८० इंची पट्टी पुरते. आधी मनगटाला तीन वेढे, मग अंगठा, मग बोटांची मुळे. बांधताना बोटे पसरलेली असू द्या. टोके निळी पडली किंवा मुंग्या आल्या, तर सोडून पुन्हा बांधा. सराव संपल्यावर पट्ट्या धुवा, ग्लोव्ह्ज वाऱ्यावर वाळवा आणि एकमेकांचे वापरू नका. आपल्या दमट हवेत नायटा असाच पसरतो.

पाच-सात मिनिटे खांदे आणि मनगटे मोकळी केल्यावर दोन मिनिटे सराव, एक मिनिट विश्रांती, असे चार-पाच फेरे पुरेत. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. प्रहार करताना श्वास बाहेर सोडा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास मुळीच कोंडू नये. वाढत्या वयाच्या मुलांच्या मनगटातली हाडांची टोके अजून कोवळी असतात, त्यांना जड बॅग देऊ नका. हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि बोटांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुखापत झालीच, तर सर्वांत आधी अंगठी आणि बांगड्या काढा, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे लावा आणि हात उंचावर ठेवा. तेल लावून चोळू नका. मूठ वळल्यावर एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, बोटाच्या मुळाचा उंचवटा खचला असेल किंवा बोटे बधिर झाली असतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल, तर त्याकडे मुळीच दुर्लक्ष करू नका. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. म्हणून हात आधार देऊन बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे ते सावकाश जुळते, आणि न जुळले तर मनगट कायमचे दुखते. ताई, मुलीच्या हातावर ती जागा आजच दाबून पाहा आणि दुखली तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रत्यक्ष झटापटीत कुणाचा दात लागून बोटाच्या सांध्यावर कापले, तर जखम कितीही लहान दिसो, ती वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके लागू शकतात.

बॅग उलटा हल्ला करत नाही, म्हणून काही आठवडे तरी प्रशिक्षकाकडे जाऊन पकड सोडवणे, ओरडणे आणि पळणेही शिकून घ्या. प्रसंग आलाच तर एक-दोन प्रहार फक्त निसटण्यापुरते मारा, आणि सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर फोन करा.